चार टक्क्यांचे प्रेक्षक

पडद्यावर नायिका रडायला लागली की इतर गावांतले लोक रुमाल काढतात. पुण्यातले लोक तिच्या मागच्या भिंतीवरचं घड्याळ बघतात. घड्याळात सव्वाचार झालेले असतात. नायिका वळून दुसऱ्या बाजूने रडते, तोवर पाचला दहा कमी. ती पुन्हा वळते, पुन्हा सव्वाचार. तिचा नवरा गेला, बंगला गेला, दीर उलटला, याचं आम्हाला वाईट वाटतंच. पण मधली पस्तीस मिनिटं कुठे गेली याचा खुलासा झाल्याशिवाय नीट रडता येत नाही.

सिनेमावाले याला 'कंटिन्युइटी' म्हणतात आणि ती बिघडली की 'जर्क आला' म्हणतात. ती बिघडते कशी, हे आधी ऐकून घ्यायला हवं. (आरोपीची बाजू ऐकावी हा रामशास्त्र्यांचा संस्कार पुण्यात अजून टिकून आहे. ऐकून झाल्यावर शिक्षा आधी ठरवलेलीच द्यायची असते.) नायक बेल वाजवतो ते दार पनवेलच्या एखाद्या बंगल्याचं असतं आणि दार उघडून तो ज्या दिवाणखान्यात पाऊल टाकतो तो गोरेगावच्या चित्रनगरीत तीन आठवड्यांनी उभा राहतो. मधल्या काळात गडी केस कापून आलेला असतो. जेवणाच्या टेबलावर दोन भाऊ भांडतात असं पाच मिनिटांचं दृश्य असेल, तर आधी दोघांचं मिळून, मग याच्या खांद्यावरून त्याचं, त्याच्या खांद्यावरून याचं, मग नुसत्या चेहऱ्यांचं, असं करत ते भाऊ दिवसभर तेच जेवण जेवत असतात. प्रत्येक वेळी आमटीची वाटी तेवढीच भरलेली हवी आणि पोळीचा तुकडा त्याच बाजूने मोडलेला हवा. हे सांभाळायला एक सहायक असतो, बहुधा युनिटमधला सगळ्यात धाकटा. पूर्वी तो वहीत टिपून घ्यायचा, आता मोबाइलवर फोटो काढतो. "कंटिन्युइटी बघ रे!" अशी आरोळी झाली की सगळे त्याच्याकडे बघतात आणि तो आमटीकडे. त्या बिचाऱ्याला एकदाच बघायला मिळतं, तेही घाईत. आमचे तिकिटाचे पैसे पडलेले असतात.

हा तपासणीचा अधिकार तुम्हाला दिला कोणी, असं मुंबईचे लोक विचारतात. उत्तर सोपं आहे. १९३३ साली प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्यात आली. १९३६ चा दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' इथे झाला. कंपनी बंद पडल्यावर त्याच जागेत १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उघडली आणि १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही पुण्यातच आलं. सिनेमा करायची, शिकवायची आणि जपून ठेवायची सोय एकाच गावात झाल्यावर उरलं काय? तपासायची. ते खातं आम्ही बिनपगारी चालवतो.

या खात्याचे एक वरिष्ठ अधिकारी म्हणजे माझे काका. नोकरीतून ते हिशेबतपासनीस म्हणून निवृत्त झाले, असं कागदोपत्री दिसतं. नायकाची मिशी सरकली, खलनायकाच्या गालावरचा व्रण डावीकडून उजवीकडे गेला, असल्या चुकांकडे ते ढुंकून बघत नाहीत. "हे पोरंसोरंही सांगतील," म्हणतात. २०१९ मध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या एका भागात मेजवानीच्या टेबलावर कॉफीचा कागदी कप तसाच राहिला. जगभर बोभाटा झाला आणि वाहिनीने दोन दिवसांत तो कप चित्रातून पुसून टाकला. मी मोठ्या उत्साहाने ही बातमी काकांना सांगितली.

"एक कप?" काका म्हणाले. "आमच्याकडे अख्खी महाभारतं झेंडूच्या माळा घालून उभी आहेत, त्याचं काय?"

झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. हिरवी मिरची आणि बटाटाही अमेरिका खंडातले, पोर्तुगीजांच्या गलबतांतून इकडे आलेले. तेव्हा पौराणिक मालिकेत स्वयंवराच्या मंडपाला झेंडूचं तोरण दिसलं की काकांचा हात वहीकडे जातो. टोपलीत मिरच्या दिसल्या की ते उठून उभे राहतात. त्यांच्या शेजारी बसून मालिका बघितली की कथा कळत नाही, पण वनस्पतिशास्त्र पक्कं होतं.

आत्याची पद्धत वेगळी. तिला सनावळीशी कर्तव्य नाही. ती माणसं बघते. मालिकेतली सून चहा पिते तेव्हा आत्या म्हणते, "अरे, त्या कपात चहा नाहीये. मनगट बघ तिचं. भरलेला कप असा धरतात का?" आणि खरंच, एकदा हे कळलं की मराठी मालिकांतला एकही चहा गरम वाटत नाही. सून घर सोडून निघते, एवढी मोठी बॅग दोन बोटांवर उचलते. आत्या म्हणते, "हिला काही दिलंच नाही वाटतं लग्नात." झोपेतून दचकून उठलेल्या बाईच्या कपाळावरची टिकली जागेवर, काजळ जागेवर, केसांच्या बटा दोन्ही बाजूंना समसमान. एका दृश्यात मंगळसूत्र आखूड, जिना उतरून खाली येईपर्यंत लांब. आत्याचा न्याय असा, की जिन्यावर सराफ बसला असावा.

मालिकेतल्या काळाचं तिने वेगळं पंचांग मांडलंय. तिथे दिवाळी तीन आठवडे चालते, बारशाला महिना जातो आणि एक रात्र सोमवार ते शनिवार पुरते. मग अचानक 'सात वर्षांनंतर' अशी पाटी येते. पोरगी शाळेत जायला लागलेली असते आणि आजीचा एकही जास्तीचा केस पांढरा झालेला नसतो. माणूसच बदलला तरी घरात कोणी हूं की चूं करत नाही. 'चार दिवस सासूचे' ही मालिका २००१ पासून अकरा वर्षं चालली. या नावाची मालिका इतकी वर्षं चालावी, हीच आत्याच्या मते मराठी दूरदर्शनच्या इतिहासातली सगळ्यात मोठी कंटिन्युइटीची चूक.

मालिकावाल्यांची बाजूही आहे. रोजचा भाग रोज द्यायचा असतो आणि पुढच्या भागांची 'बँक' बहुतेक वेळा रिकामी असते. सकाळी संवाद हातात, दुपारी चित्रण, पुढे संकलन, आणि लगेच प्रक्षेपण. त्या गडबडीत मंगळसूत्राची लांबी कोण मोजणार? आत्या मोजते. तिला वेळ आहे.

पुण्याची खरी परीक्षा झाली ती २०१५ च्या डिसेंबरात, 'बाजीराव मस्तानी'च्या वेळी. काशीबाई आणि मस्तानी एकत्र पिंगा घालतात हे गाणं आधी आलं आणि गाव पेटलं. पेशव्यांच्या वंशजांनी हरकत घेतली, निदर्शनं झाली, प्रदर्शनाच्या दिवशी कोथरूडमध्ये काही खेळ रद्द झाले. बिचाऱ्या भन्साळींना कल्पना नसावी की आपण कुठल्या गावाची गोष्ट सांगायला निघालोय. ज्या गावात १९१० पासून भारत इतिहास संशोधक मंडळ आहे आणि ज्याच्या पेशवे दप्तरात कोट्यवधी मोडी कागद आहेत, तिथे कल्पनाशक्ती जपून वापरावी लागते. इतर ठिकाणी दिग्दर्शकाला समीक्षक भेटतो, पुण्यात दप्तर बगलेत मारलेला माणूस भेटतो.

आत्याची हरकत नेसणीवर होती. "हे नऊवारी नव्हे. आणि पिंगा मंगळागौरीला जागून खेळतात. खेळणारीचा अंबाडा सुटतो, श्वास लागतो. हिला घामाचा थेंब नाही." काकांनी मात्र नाचाकडे लक्षच दिलं नाही. ते झुंबरं मोजत होते. शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ला, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला, आणि एकूण खर्च १६,११० रुपये. हे आकडे त्यांना पाठ आहेत. पडद्यावर आरसेमहाल उजळला, हजारो आरशांत मस्तानी हजारो वेळा दिसायला लागली, थेटर स्तब्ध झालं, आणि त्या शांततेत काकांचा आवाज आला, "सोळा हजारात हे बसत नाही."

मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "सोळा हजार एकशे दहा." पुण्यात तपासनीसालाही तपासनीस भेटतो.

तीच गत 'तान्हाजी'ची. ४ फेब्रुवारी १६७० च्या त्या रात्रीवर २०२० साली सिनेमा आला. सिंहगड, म्हणजे तेव्हाचा कोंढाणा, हा किल्ला पुणेकरांना इतिहासातून कमी आणि पिठलं-भाकरीतून जास्त माहीत आहे. रविवारी पहाटे चढायचं, कांदाभजी आणि मडक्यातलं दही खायचं, उतरायचं. त्यामुळे पडद्यावरचा कोंढाणा अक्राळविक्राळ कड्यांवर तरंगताना दिसला तेव्हा काळजाचा ठोका चुकण्याऐवजी लोक पायवाट शोधायला लागले. त्यात एक अजस्र तोफ, नाव नागीन, कोंढाण्यावरून राजगडावर डागायची, असा बेत. सिंहगडाच्या माथ्यावर उभं राहून हवा स्वच्छ असताना ज्याने राजगड पाहिलाय, तो हसेल की रडेल? काकांनी टप्प्याचं गणित मांडायला घेतलं होतं, पण तेवढ्यात लढाई सुरू झाली आणि त्यांची पेन्सिल थांबली. हे मी मुद्दाम लक्षात ठेवलं आहे.

भूगोलाच्या चुका मात्र आम्ही आनंदाने पकडतो, कारण त्यात सहलीचा आनंद असतो. प्रकाश झा यांच्या 'गंगाजल'मधला बिहार वाईला आहे. 'दबंग'मधला उत्तर प्रदेशही वाईला आहे. 'स्वदेस'मध्ये शाहरुख खान अमेरिकेतून उत्तर प्रदेशातल्या चरणपूरला येतो, ते चरणपूर म्हणजे मेणवली. शास्त्रज्ञ आपल्या मातीच्या ओढीने व्याकुळ झालेला असतो आणि थेटरात निम्मी माणसं कुजबुजत असतात, "अरे, हा नाना फडणवीसांचा घाट! आपण गेलो होतो ना, ढोल्या गणपतीला जाऊन आल्यावर?" काका संपूर्ण सिनेमाभर तिथल्या घंटेची वाट बघत बसले होते. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा तिकडच्या चर्चमधल्या घंटा देशावर आल्या, त्यातली एक मेणवलीला टांगली आहे. उत्तर प्रदेशातल्या खेड्यात पोर्तुगीज घंटा आली कुठून, हा प्रश्न त्यांनी तयार ठेवला होता.

'स्वदेस'वाल्या आशुतोष गोवारीकरांवर काकांचं विशेष लक्ष असतं, कारण माणूस आपला आणि सिनेमे लांब. जास्त लांबी म्हणजे जास्त तपासणी. 'लगान'ची गोष्ट १८९३ सालची. काका डेक्कन जिमखान्यावर उभ्या उभ्या क्रिकेट बघण्यात वाढलेले. सिनेमा संपल्यावर सगळे भुवनच्या शेवटच्या टोल्याने भारावून बाहेर पडत होते, तेव्हा ते पायरीवर थांबले आणि म्हणाले, "षटक सहा चेंडूंचं कसं?"

इंग्लंडात १८८९ ते १८९९ षटक पाच चेंडूंचं होतं, सहाचं झालं १९०० पासून. म्हणजे कॅप्टन रसेल आपल्याच देशाचे नियम विसरला. आणि शेवटचा षटकार? सीमारेषेवरून थेट बाहेर गेला की सहा धावा, हा नियम १९१० मधला. त्याआधी सहा मिळवायला चेंडू मैदानाच्याच बाहेर घालवावा लागायचा. आता चंपानेरचं मैदान संपतं कुठे? हा प्रश्न काकांनी थेट कच्छच्या रणापर्यंत नेला आणि त्यांच्या हिशेबाने चंपानेरने तिप्पट लगान भरायला हवा होता. त्या दिवशी आमच्या घरात एकटे काका ब्रिटिशांच्या बाजूने होते.

हे सगळं ऐकून एखाद्याला वाटेल की माणसाचा डोळा म्हणजे मोठं तीक्ष्ण हत्यार. तसं मुळीच नाही. १९९७ मध्ये डॅनियल लेव्हिन आणि डॅनियल सायमन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन बायका खात-पीत गप्पा मारताहेत अशी छोटीशी फिल्म. तीत त्यांनी मुद्दाम नऊ चुका पेरल्या. गळ्यातला स्कार्फ नाहीसा होतो, लाल बशा पांढऱ्या होतात, असल्या ढळढळीत. दहा प्रेक्षकांपैकी फक्त एकाला काहीतरी बदललंय असं वाटलं. मग बदल होणार आहेत असं आधी सांगून दाखवली, तरी सरासरी नऊपैकी दोनच सापडले. हा प्रयोग पुण्यात केला असता तर नऊपैकी अकरा चुका सापडल्या असत्या, आणि वर प्रयोगाच्या अर्जातलं शुद्धलेखन सुधारून मिळालं असतं.

असं मी काकांना म्हटलं. ते खूश झाले. मग मी हळूच 'शोले'चा विषय काढला. "काका, रामगढमध्ये वीज नाही. जया भादुरी रोज रात्री एकेक कंदील विझवत जाते आणि अमिताभ माउथऑर्गन वाजवतो. मग गावात एवढी उंच पाण्याची टाकी कशी? पाणी वर चढवतं कोण?" पुण्याच्या माणसाला विचारण्यासारखा प्रश्न होता. वीज असून पाणी चौथ्या मजल्यावर चढत नाही, हा आमचा उन्हाळ्यातला रोजचा अनुभव.

काका चिडले. "मूर्खासारखं बोलू नकोस. वीरू चढतो ना त्या टाकीवर? मग टाकी पाहिजेच."

"आणि शेवटच्या मारामारीत ठाकूरचे हात सदऱ्याच्या आत दिसतात, ते?"

"संजीवकुमार काम करतोय. तू हात काय बघतोस?"

इथे मला वॉल्टर मर्च आठवला. 'अपोकॅलिप्स नाऊ'चा हा संकलक. एका तुकड्यावरून दुसऱ्यावर कधी जायचं, याचं त्याने एका पुस्तकात चक्क गुणपत्रक दिलंय. भावनेला ५१ टक्के, कथेला २३, लयीला १०, प्रेक्षकाची नजर कुठे आहे त्याला ७, पडद्यावरच्या मांडणीला ५, आणि माणसं-वस्तू प्रत्यक्ष जागेत कुठे होत्या याच्या सातत्याला ४. पैकीच्या पैकी साधत नसतील तर खालून सोडत जा, भावना सोडू नका, असं त्याचं म्हणणं. बाकी जग त्या वरच्या ५१ टक्क्यांसाठी तिकीट काढतं. आम्ही शेवटच्या चारांचे प्रेक्षक, आणि त्या चारात नापास झालेल्याला पुढे ढकलत नाही.

पण 'शोले'पुढे काकांनी ते चारही माफ केले होते. सिनेमा गच्च पकडून ठेवतो तोवर घड्याळ दिसत नाही. पकड ढिली झाली की आधी घड्याळ दिसतं, मग झेंडू दिसतो, मग मायक्रोफोनची सावली. नायिकेच्या रडण्याने मी हललो असतो तर मला सव्वाचार कशाला दिसले असते? दादासाहेब फाळक्यांच्या १९१७ च्या 'लंका दहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंके हेच होते. सीतेचे दंड चांगलेच पिळदार दिसायचे म्हणतात. लोकांनी त्या सीतेला हात जोडले. 'अमर अकबर अँथनी'त तीन भावांचं रक्त नळ्यांमधून वर चढतं, एका बाटलीत मिसळतं आणि आईच्या अंगात उतरतं. गुरुत्वाकर्षण नाही, रक्तगटाची चौकशी नाही. ते बघताना आमच्या कुटुंबाचे डॉक्टरही डोळे पुसत होते.

आणि 'अशी ही बनवाबनवी'! १९८८ चा हा सिनेमा पुण्यातला, भाडेकरूंचा, म्हणजे आमच्या मर्मावरचा. सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे लुगडी-साड्या नेसून लीलाबाई काळभोरांच्या घरात बायका म्हणून राहतात आणि त्या बाईंना पत्ता लागत नाही. पुण्यातली घरमालकीण! भाडेकरूच्या पिशवीत कोबी आहे की फ्लॉवर हे जिन्यावरच्या पावलांवरून ओळखणारी जमात! तिला आपल्या घरात दोन पुरुष साडी नेसून वावरताहेत हे कळत नाही? मराठी सिनेमातली यापेक्षा मोठी चूक मला तरी माहीत नाही. पस्तीसहून जास्त वर्षं झाली, टीव्हीवर लागला की गाव कामं टाकून बसतं, पुढचा संवाद मागच्या खोलीतून ऐकू येतो, आणि एकाही काकाने आजवर वही उघडलेली नाही. आत्या तर लक्ष्मीकांतच्या पार्वतीच्या साडीची निवड चांगली आहे म्हणते.

म्हणून चित्रपट आणि मालिका करणाऱ्यांना पुणेकरांतर्फे एक विनंती. चुका बंद करू नका, आमच्या इथे निवृत्त माणसं पुष्कळ आहेत. फक्त चूक मध्यंतराच्या आधी ठेवा, म्हणजे वडापाव खाताना तिच्यावर बोलता येईल. शक्यतो नवी ठेवा. तो रिकामा चहाचा कप आता पुरे झाला, त्यात निदान कोमट पाणी तरी ओता. आणि मध्यंतरानंतर असं काहीतरी करा की काकांची पेन्सिल थांबेल.